सूक्ष्मसंपुटांचा इतिहास : घुसळणीपासून नाळीपर्यंत

औषधाचे सूक्ष्मसंपुट म्हणजे बहुवारिकाच्या पातळ कवचात कोंडलेला द्रवाचा थेंब. त्याचा इतिहास बहुधा बहुवारिकांच्या इतिहासाचा पोटभाग म्हणून सांगितला जातो. तो थेंबाच्या आकाराचा इतिहास म्हणून पाहणे आम्हांस अधिक उद्बोधक वाटते.

त्याचा आरंभ औषधशाळेत झाला नाही, ही मोठी मौजेची गोष्ट होय. अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन व लोवेल श्लायशर हे कार्बनविरहित नक्कल-कागदाच्या शोधात होते. पाण्यात तेल घुसळून त्याच्या थेंबांभोवती त्यांनी जिलेटिन व अरबी डिंक यांचे कवच बसविले. लेखणीच्या दाबाने ते फुटे आणि खालच्या कागदावर अक्षर उमटे. हा कागद १९५४ मध्ये बाजारात आला. औषधाला मात्र फुटणारे नव्हे, तर झिरपू देणारे कवच हवे होते. मॅकगिल विद्यापीठातील टी. एम. एस. चँग यांनी १९६४ मध्ये अर्धपार्य सूक्ष्मसंपुटांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९८९ मध्ये ल्युप्रोलाइडच्या, महिन्यातून एकदाच टोचावयाच्या, बहुवारिक सूक्ष्मगोलकांना अमेरिकेत मान्यता मिळाली.

या सर्व काळात कवचाचे रसायन मनुष्याच्या हाती आले. आकार मात्र घुसळणीच्याच हवाली राहिला. व्यास दुप्पट झाला की थेंबाचे आकारमान, व म्हणून आतील औषध, आठपट होते. शिवाय लहान गोलक आधी रिते होतात, मोठे मागे रेंगाळतात. सरासरी व्यास कितीही काटेकोर दिला, तरी रुग्णाच्या शरीरात सरासरी टोचली जात नाही.

द्रवाची धार पृष्ठताणामुळे तुटते आणि त्या तुटण्यास निश्चित अंतराचा नियम आहे, हे प्लातो व रॅले यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखविले होते. उणीव होती ती धारेला केसाएवढ्या नाळीत शिस्तीने वाहविण्याची. १९९८ च्या सुमारास हार्वर्डमधील व्हाइटसाइड्स यांच्या गटाने सिलिकोन रबरात अशा नाळी ओतण्याची सुलभ रीत दिली. २००१ मध्ये कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेतील क्वेक यांच्या गटाने टी-आकाराच्या जोडावर तेलाच्या प्रवाहाने पाण्याचे समान थेंब तोडून दाखविले. २००५ मध्ये हार्वर्डमधील उटाडा, वाइट्झ व सहकाऱ्यांनी काचेच्या केशनळ्या एकीत एक बसवून थेंबातच थेंब घडविला. मधल्या थरात बहुवारिक घालून तो घट्ट केला की संपुट तयार. कवचाची जाडी प्रवाहांच्या प्रमाणावरून ठरते. या मालिकेतील निर्णायक पाऊल आम्ही हेच मानतो.

किंमत मात्र द्यावी लागली. ५० मायक्रोमीटर व्यासाचे थेंब सेकंदाला १,००० या गतीने पाडले, तरी तासाला जेमतेम पाव मिलिलिटर द्रव संपुटित होतो; घुसळणीच्या एका पिंपापुढे हे काहीच नव्हे. म्हणून एकाच तबकडीवर अनेक नाळी समांतर जोडण्याचे प्रयत्न झाले. परंतु त्यांतील एखादी तुंबली की शेजारच्या नाळींचा प्रवाह बदलतो, आणि घालविलेली विषमता पुन्हा आत शिरते.