कुल्फी आणि कुलूप

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात कैरीची डाळ आणि पन्हे, अक्षय्यतृतीयेस आमरसाचा नैवेद्य, पंढरीस विठुरायाच्या अंगी चंदनाची उटी. उन्हाळ्यात देवाला शीतल ते अर्पावे, हा पूर्वजांचा भाव या सर्व उपचारांतून स्पष्ट दिसतो. मग दूध आटवून, त्यात आंब्याचा रस घालून गोठविलेली कुल्फी नैवेद्याच्या पानावर का नसावी? हा प्रश्न आमच्या घरी एका अक्षय्यतृतीयेस निघाला, आणि वडीलधाऱ्यांनी एका वाक्यात निकाल दिला, ''बर्फ कोणत्या पाण्याचा, कोणाच्या हातचा, कोणास ठाऊक!'' कुल्फी झाली, सर्वांनी आवडीने खाल्ली. देवापुढे मात्र ती गेली नाही. त्या निकालाने आमचे समाधान झाले नाही, म्हणून या पदार्थाच्या इतिहासात आम्ही थोडे शिरलो.

आरंभ नावापासूनच करावा. अरबीत 'कुफ्ल' म्हणजे कुलूप. फारसीच्या वाटेने येताना त्यातील अक्षरांची अदलाबदल होऊन 'कुल्फ' झाले. त्याचेच मराठी रूप 'कुलूप', आणि झाकण घट्ट बसविलेल्या साच्यात गोठते ती 'कुल्फी'. आपल्या दारावरचे कुलूप आणि मुलांच्या हातातील कुल्फी ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत. हे झाकण पुढे आपल्या प्रश्नास उपयोगी पडणार आहे.

अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने 'आईने अकबरी'त पाणी गार करण्याची रीत नोंदविली आहे. अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात घालायचा आणि त्यात पाण्याने भरलेली बंद सुरई हलवीत राहायचे. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो आणि सुरईतील पाणी गार होते. तोफांच्या दारूसाठी लागणारा सोरा असा तहान भागविण्याच्या कामी आला. पुढे १५८६ च्या सुमारास बादशहाचा मुक्काम पंजाबात असताना लाहोरपासून सुमारे पंचेचाळीस कोसांवरील डोंगरांतून जलमार्गाने, डाकेच्या गाड्यांनी आणि हमालांच्या खांद्यावरून बर्फ येऊ लागला.

परंतु बर्फ केवळ हिमालयातच मिळे असे नाही. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रयागकडील बर्फ करण्याची देशी रीत वर्णन केली. थंडीच्या निरभ्र रात्री उथळ खड्ड्यांत वाळलेली ताटे पसरून त्यांवर मातीची सच्छिद्र पसरट भांडी मांडीत व त्यांत उकळून निवविलेले पाणी ओतीत. भांड्यातील उष्णता मोकळ्या आकाशाकडे निघून जाई आणि पहाटे पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असे. ज्या निनावी मजुरांनी सूर्योदयापूर्वी तो खरवडून साठविला, त्यांची विद्या कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा कमी नव्हती.

मग समुद्रमार्गे परका बर्फ आला. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचे 'टस्कनी' जहाज १८३३ च्या मे महिन्यात १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि सप्टेंबरात कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रास येथेही बर्फघरे उभी राहिली. मद्रासचे ते बर्फघर आपल्या वाचकांस निराळ्या कारणाने वंदनीय आहे. अमेरिकेहून परतलेले स्वामी विवेकानंद १८९७ च्या फेब्रुवारीत तेथेच राहिले, आणि दक्षिणेतील रामकृष्ण मठाच्या कार्याचा आरंभही त्याच वर्षी त्याच वास्तूत झाला. आज ती विवेकानंदांच्याच नावाने ओळखली जाते. अमेरिकेच्या तळ्यांतील बर्फासाठी बांधलेल्या भिंतींत वेदान्ताची वाणी घुमली!

यंत्राने बर्फ होऊ लागल्यावर जहाजी बर्फाचा व्यापार बुडाला. अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन या बाईंना १८४३ मध्ये हाताने फिरवावयाच्या आइस्क्रीमच्या यंत्राचे पेटंट मिळाले होते. आपल्या घरांतील लाकडी 'पॉट' हा त्याच कुळातील. कांडीवरच्या गोठीव पदार्थाची कथा आणखी निराळी. १९०५ मध्ये फ्रँक एपर्सन या अकरा वर्षांच्या मुलाचा सरबताचा पेला रात्रभर थंडीत बाहेर राहिला आणि ढवळण्याची काडी त्यातच गोठली. त्याचे पेटंट त्याने १९२४ मध्ये मिळविले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कुल्फीत बर्फ कोठे असतो? साच्याच्या बाहेर! तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग जाडे मीठ एकत्र केले की मिठामुळे बर्फ वितळू लागतो, वितळण्यास लागणारी उष्णता तो भोवतालून ओढतो, आणि त्या खाऱ्या मिश्रणाचे तापमान शून्याखाली वीस अंशांच्या आसपासपर्यंत उतरू शकते. साच्याचे झाकण कणकेने लिंपलेले असते. आतले दूध आपली उष्णता बाहेर देते. बाहेरचे पाणी मात्र आत येत नाही. हेच ते कुलूप!

तरीही वडिलांची शंका निराधार नव्हती. थंडीने रोगजंतू मरतातच असे नाही. पुष्कळसे बर्फातही तग धरून राहतात. दूषित पाण्याचा बर्फ सरबतात थेट टाकणे धोक्याचेच. शुचितेच्या जुन्या नियमातील हा अंश आम्ही आदराने मान्य करतो. 'कोणत्या पाण्याचा' हा प्रश्न खरा आहे. 'कोणाच्या हातचा' हा मात्र तसा नाही. कारण तो लावला तर नैवेद्यातील हापूसही पानावरून उठेल. हापूस हे नाव पोर्तुगीज 'अफोंसो'चे रूप, आणि गोव्याच्या मानकुरादाचे नावही पोर्तुगीजच. त्यांची कलमे पोर्तुगीज अमदानीत वाढली, आणि तरी देवाने ती कधी नाकारली नाहीत.

ज्यांना करून पाहावयाची असेल त्यांच्यासाठी रीत सांगतो. दोन लिटर म्हशीचे दूध मंद आचेवर, तळाशी लागू न देता, तिसऱ्या हिश्शापर्यंत आटवावे; कडेची साय खरवडून पुन्हा दुधात मिसळावी. सव्वाशे ग्रॅम साखर आणि वेलची घालून दूध पूर्ण निववावे. दोन वाट्या आमरस स्वतंत्रपणे आटवून गार करावा आणि मगच मिसळावा. गरम दुधात आंबट रस पडला तर दूध फाटते. पाणी आटले, साय व साखर वाढली की बर्फाचे खडे बारीक राहतात. कुल्फीच्या मऊपणाचे मर्म एवढेच. गोठताना मिश्रण फुगते, म्हणून साचे काठोकाठ भरू नयेत. मीठ-बर्फात दोन-तीन तास, अथवा शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवावे.

पुढल्या अक्षय्यतृतीयेस आम्ही ही सारी हकीकत वडीलधाऱ्यांस सांगितली. त्यांनी साचा हाती घेतला, कणकेचा लेप बोटाने चाचपून पाहिला आणि विचारले, ''दूध उकळलेले आहे ना?'' आम्ही होय म्हटले. मग त्यांनी स्वतःच झाकण उघडले, कुल्फी चांदीच्या वाटीत काढली आणि तिच्यावर तुळशीचे पान ठेवले.