न जाणवणाऱ्या धक्क्याची किंमत

मोटार चालवावयास शिकलेल्या प्रत्येकाला आपला पहिला दिवस आठवत असेल. डावा पाय क्लचवर, हात गिअरच्या दांड्यावर, आणि दोहोंचा मेळ बसेपर्यंत गाडीनें दिलेले गचके! हें कसब माणसाकडून काढून यंत्राकडे सोंपवावें, ही खटपट अमेरिकेंत यशस्वी झाली. ती कशी साधली आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागली, हें आज थोडक्यांत पाहूं.

या कथेचा उगम मात्र जर्मनींत, आणि तोहि जहाजांच्या कारखान्यांत आहे. हेर्मान फ्योटिंगर या इंजिनिअरानें १९०५ सालीं प्रवाही पदार्थाच्या द्वारें शक्ति पोंचविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. विजेचा चालू पंखा बंद पंख्यासमोर धरला तर वाऱ्याच्या झोतानें दुसऱ्याचीं पातींहि फिरूं लागतात. वाऱ्याच्या जागीं तेल आणि पंख्यांच्या जागीं पात्यांचीं चक्रें कल्पिलीं, कीं ही युक्ति ध्यानांत येते.

१९३९ सालीं जनरल मोटर्सनें ऑल्ड्समोबीलच्या १९४० सालच्या गाड्यांसाठीं ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स जाहीर केला. अर्ल टॉमसन या इंजिनिअराच्या नेतृत्वाखालीं तो सिद्ध झाला होता. त्यांत पुढें जाण्याचे चार गिअर होते आणि क्लचचा पायटा अजिबात नव्हता. दुसऱ्या महायुद्धांत एम-५ आणि एम-२४ या अमेरिकन रणगाड्यांतहि त्यानें काम केलें.

गिअर केव्हां बदलावा हें तेथें तेलाचा दाब ठरवितो. गाडीचा वेग आणि चालकाच्या पायाचा जोर पाहून लहान लहान झडपा सरकतात. तेल योग्य त्या क्लचमागें जातें आणि त्याच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. हा दाब एकदम आला तर प्रवाशांना हिसका बसेल. म्हणून तेल बारीक छिद्रांतून सोडतात, आणि त्याचा पहिला जोर स्प्रिंगवर टेकलेल्या एका दट्ट्याकडून जिरवून घेतात. चकत्या क्षणभर घसरतात, मग घट्ट बसतात.

श्रोतेहो, खरी मेख या क्षणांतच आहे. घसरणें म्हणजे घांसणें, आणि घांसणें म्हणजे उष्णता. ती तेलाला करपविते आणि चकत्यांचें अस्तर खाते. गाडी विकत घेणाराला गुळगुळीतपणा पहिल्याच फेरींत जाणवतो. झीज मात्र अनेक वर्षांनीं, बहुधा दुसऱ्या मालकाच्या पदरांत पडते.

ही तडजोड प्रथम शर्यतवाल्यांना आणि दुरुस्तीच्या मिस्त्र्यांना खटकली. त्यांतून ‘शिफ्ट किट’ जन्मास आलें. कॅलिफोर्नियांतील ट्रान्सगो या संस्थेचे संस्थापक गिल यंगर यांचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. हें किट म्हणजे कांहीं निराळ्या ताणाच्या स्प्रिंगा, कांहीं झडपा, छिद्रांचा एक पत्रा किंवा छिद्रें मोठीं करण्याच्या सूचना. गिअरबॉक्सखालचें तबक सोडून तेल काढावयाचें, झडपांचा ठोकळा उतरवावयाचा आणि ठरलेले भाग बदलावयाचे. काम लहान दिसतें, पण छऱ्याएवढी एक गोळी भलत्या खांचेंत पडली, किंवा फडक्याचा एक धागा झडपेंत अडकला, तरी सर्व श्रम वायां जातात.

याचा परिणाम असा, कीं दाब लवकर चढतो, घसरण्याचा वेळ कमी होतो आणि चकत्या कमी तापतात. परंतु येथेंहि मर्यादा आहे. दाब बेसुमार वाढविला, तर क्लच वांचतो, पण तोच तडाखा मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यांना बसतो. म्हणून जाणता मिस्त्री गाडी मालवाहू आहे, शर्यतीची आहे कीं घरची आहे, हें आधीं विचारतो.

१९८० नंतर झडपांवर संगणकाची हुकमत आली. गिअर बदलतांना तो इंजिनाचाच जोर क्षणभर उतरवितो; त्यामुळें थोड्या वेळांत आणि हिसका न देतां चकत्या बसूं शकतात. जुना पेंच यानें बराच सुटला आहे. तरीहि जुन्या गाड्या जपणारांच्या घरीं शिफ्ट किट अजून बसविलें जातें. गाडींत बसणाराला जो धक्का लागत नाहीं, तो यंत्राचा कोणता तरी भाग सोसत असतो, ही त्या मिस्त्र्यांची शिकवण गाडी घेतांना आपणहि ध्यानांत ठेवावी.