रेषा आत सरकल्या त्या रात्री : मैदानाची रुंदी आणि फुटबॉलचे डावपेच

१/ ३० सप्टेंबर १९८७. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर दिनामो कीवचा संघ उतरला. गवत तेच होते, गोलपोस्ट त्याच जागी होते. मात्र मैदान आदल्या दिवसापेक्षा अरुंद झाले होते. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या रेषा आत सरकल्या होत्या आणि तरीही कोणत्याही नियमाचा भंग झाला नव्हता. #थ्रेड

२/ हे शक्य कसे झाले? क्रिकेटची खेळपट्टी सर्वत्र २२ यार्डांची असते. फुटबॉलच्या मैदानाला मात्र असे एकच माप नाही. नियमानुसार लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी हीच मर्यादा १०० ते ११० आणि ६४ ते ७५ मीटर अशी आहे.

३/ या मोकळिकीचे मूळ १८६३ च्या पहिल्या नियमावलीत आहे. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने तेव्हा केवळ कमाल मापे ठरवली : लांबी २०० यार्ड, रुंदी १०० यार्ड. पण चेंडूच्या पुढे असलेला सहकारी ‘ऑफसाइड’ ठरत असल्याने पुढे पास देण्यात अर्थच नव्हता. खेळाडू चेंडू पायाशी ठेवून घोळक्याने धावत. मैदान विस्तीर्ण होते, पण त्या विस्ताराला काम नव्हते.

४/ १८६६ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला. पुढे ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोतील एका क्रिकेट मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. क्वीन्स पार्क क्लबचे स्कॉटिश खेळाडू अंगाने हलके होते. धडकाधडकीत त्यांचा निभाव लागणे कठीण. त्यांनी परस्परांना चेंडू देत खेळण्याचा मार्ग धरला. सामना ०-० असा सुटला, पण रिकाम्या जागेला प्रथमच मोल आले.

५/ त्या जागेचे गणित साधे आहे. ७५ मीटर रुंद मैदानावर चार बचावपटू एका ओळीत उभे राहिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १९ मीटर येतात. ६४ मीटरवर केवळ १६. रुंद मैदानावर एका बाजूकडून दुसरीकडे दिलेला लांब पास बचावाची ओळ फाडतो. अरुंद मैदानावर तोच पास पोहोचेपर्यंत बचावपटूही तेथे पोहोचलेला असतो.

६/ वालेरी लोबानोव्स्कीचा कीव संघ हे गणित उत्तम जाणत होता. १९८६ मध्ये त्याने युरोपियन कप विनर्स कप जिंकला होता; त्याच वर्षी त्याचा इगोर बेलानोव बॅलन डी’ओरचा मानकरी ठरला. चेंडू मिळाला की मैदान रुंदावायचे आणि मोकळ्या जागेत वेगाने धाव घ्यायची, ही त्यांची रीत होती.

७/ युरोपियन कपच्या पहिल्या फेरीत कीवने घरच्या मैदानावर रेंजर्सला १-० असे हरवले. परतीच्या लढतीपूर्वी त्यांनी आयब्रॉक्सवर सराव केला, तो नेहमीच्या रुंदीवर. त्यानंतर रेंजर्सचे व्यवस्थापक ग्रॅम सूनेस यांनी रेषा पुन्हा आखून घेतल्या आणि रुंदी युएफाने मान्य केलेल्या किमान मापावर आणली.

८/ रेंजर्सने सामना २-० असा जिंकला आणि कीव स्पर्धेबाहेर गेला. मात्र सारे श्रेय चुन्याच्या रेषेला देणे इतिहासाला धरून होणार नाही. पहिला गोल कीवच्या गोलरक्षकाच्या चुकीतून आला : त्याने हाताने फेकलेला चेंडू स्वतःच्याच सहकाऱ्यावर आदळला. रेषेने गोल केला नाही. तिने कीवच्या हातची मोकळी जागा तेवढी काढून घेतली.

९/ मग ही चतुराई की अखिलाडूपणा? मैदान दोन्ही संघांना सारखेच अरुंद होते, हा बचाव खरा आहे. परंतु माहिती सारखी नव्हती. एका संघाला नवे माप ठाऊक होते. दुसऱ्याने सराव जुन्या मापावर केला होता. नियमाचे अक्षर पाळून त्याच्या हेतूला बगल देता येते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१०/ आज युरोपच्या प्रमुख स्पर्धांत १०५ बाय ६८ मीटर हे माप रूढ आहे. मैदान लहान करण्याची कला मात्र लोपली नाही. ती चुन्याकडून खेळाडूंकडे गेली. १९८७ मध्येच ए. सी. मिलानची सूत्रे हाती घेतलेल्या अरिगो साक्की यांनी बचावफळी व आघाडी यांतील अंतर सुमारे २५ मीटरवर आणले. रेषा जागच्या जागी राहिल्या आणि प्रतिस्पर्ध्याची जागा तरीही आक्रसली. ही युक्ती कोणत्याही मैदानावर चालते.

११/ सूनेस यांची युक्ती केवळ घरी चालणारी होती. त्याच मोसमात रेंजर्सची उपांत्यपूर्व फेरीत स्टेआवा बुखारेस्टशी गाठ पडली. पहिली लढत बुखारेस्टमध्ये झाली आणि रेंजर्स ०-२ असे हरले. घरची लढत २-१ अशी जिंकूनही ती तूट भरून निघाली नाही. बुखारेस्टच्या रेषा आखणे ग्लासगोच्या हाती नव्हते.