एक देह, दोन व्यक्ती : बहुव्यक्तिमत्त्वाच्या चित्रपटाचा पूर्वेतिहास

बहुव्यक्तिमत्त्वाच्या चित्रपटाचा इतिहास सहसा 'द थ्री फेसेस ऑफ ईव्ह' (१९५७) आणि 'सायको' (१९६०) यांच्यापासून मांडला जातो. तथापि एका देहात दोन व्यक्ती दाखवण्याची क्लृप्ती भारतीय पडद्यावर त्याआधी चार दशके रुजली होती, आणि तिचे केंद्र नाशिक होते. दादासाहेब फाळके यांनी मुंबईहून नाशिकला बस्तान हलवल्यानंतरच्या 'लंकादहन' (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. 'कालियामर्दन' (१९१९) च्या आरंभी फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी प्रथम चेहऱ्यावरचे नाना भाव दाखवते आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत कृष्ण होते.

येथे दुसरी व्यक्ती बाहेरून येते. कीर्तनकार क्षणात नारद तर क्षणात द्रौपदी होतो, त्याच जातीचे हे रूपांतर आहे. प्रेक्षक सोंग ओळखतो, तरी त्यातल्या देवाला हात जोडतो. हे रूप या देहात का आले, हा प्रश्न त्याला पडत नाही.

मानसशास्त्रीय थरारपट नेमका हाच प्रश्न विचारतो. सत्येन बोस यांच्या 'रात और दिन' (१९६७) मध्ये नर्गिस दिवसा घरंदाज पत्नी आहे, तर रात्री क्लबात वावरणारी पेगी. या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरी व्यक्ती आता घराने नाकारलेल्या इच्छांतून, म्हणजे आतून येते. फाझिल यांच्या 'मणिचित्रताळ' (१९९३) या मल्याळम चित्रपटात गंगेवर नागवल्ली स्वार होते, तिचे मूळ आईवडिलांपासून दुरावलेल्या बालपणात सापडते आणि उपचारासाठी मानसोपचारतज्ज्ञ व मांत्रिक एकत्र येतात. 'अंगात येणे' आणि 'मन दुभंगणे' यांतील सीमारेषा आपल्याकडे किती पुसट आहे, हे या तडजोडीतून दिसते. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेनेही झपाटले जाण्याचा अनुभव या विकाराच्या लक्षणांत समाविष्ट केला.

परंतु थरारपटाच्या रूपबंधाची एक किंमत आहे. तो मुळात रहस्यकथेचा वारस असल्यामुळे बालपणीचा आघात त्याच्या लेखी पुरावा ठरतो. 'सायको'च्या शेवटी मानसोपचारतज्ज्ञ पोलिसांपुढे सारे उलगडून सांगतो. 'ईव्ह'मध्ये मृत आजीचे चुंबन घ्यायला लावल्याची आठवण वर येते आणि नायिका बरी होते. प्रत्यक्षात ज्या स्त्रीच्या आयुष्यावर तो चित्रपट बेतला, त्या ख्रिस कॉस्टनर साइझमोर यांनी १९७७ च्या आत्मकथनात निराळीच हकीकत सांगितली. नव्या व्यक्ती त्यानंतरही अनेक वर्षे येत राहिल्या होत्या.

हा केवळ वैद्यकीय तपशिलाचा प्रश्न नाही. कुलूप उघडताच किल्ली बाजूला पडते, तसे कोडे सुटताच दुखावलेले मूल कथेतून बाहेर जाते. प्रौढांच्या रहस्याचे उत्तर एवढेच त्याचे काम उरते. 'कालियामर्दन'मध्ये कृष्णाचे सोंग चढण्याआधी मंदाकिनीला मंदाकिनी म्हणून पाहण्यास प्रेक्षकाला काही क्षण तरी मिळतात. पौराणिक चित्रपटाला 'का' विचारता आले नाही, ही त्याची मर्यादा खरीच. थरारपटाने तो प्रश्न विचारला, पण ज्याला विचारायला हवा होता त्या मुलाला बोलू दिले नाही. या प्रकारातील चित्रपटांचे मूल्यमापन करताना रहस्याची वीण जेवढी तपासली जाते, तेवढीच त्या मुलाच्या वाट्याला आलेली जागाही मोजली पाहिजे.