गर्दीचे प्राण किती?

कोल्हापुरात मोर्चा निघाला की भाऊसिंगजी रोडवरच्या दुकानांची शटरं खाली येतात, पण अर्धीच. उघडं शटर म्हणजे धंदा, पुरतं ओढलेलं शटर म्हणजे बंद आणि अर्धं शटर म्हणजे ‘बघू या, पुढं काय होतंय ते!’ एवढं बारीक गणित आमच्याकडच्या कापडवाल्याला कळतं, पण साऱ्या जगात खेळल्या जाणाऱ्या एका थोर खेळातल्या वीरांना कळत नाही, अशी माझी तक्रार आहे.

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. माझा पुतण्या आणि त्याचे चार मित्र दर रविवारी आमच्या सोप्यात बसून तो खेळतात. एक जण तलवारबाज होतो, एक जण मांत्रिक, एक जण चोर. पुतण्या सूत्रधार. गावात काय घडतंय ते तो सांगायचं, बाकीच्यांनी आपण काय करतो ते सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. फासा वीस बाजूंचा असतो. शकुनिमामाच्या हाती तो पडला असता तर पांडवांना नेसती वस्त्रंही वाचवता आली नसती.

गेल्या महिन्यात या वीरांच्या वाटेत मोर्चा आला. राजानं धान्यावर कर बसवला होता आणि लोक रस्त्यावर उतरले होते.

“काका, ही गर्दी,” पुतण्या म्हणाला. “हिचे प्राण दोनशे चाळीस.”

“माणसं दोनशे चाळीस?”

“नाही ओ. आख्ख्या गर्दीचे मिळून प्राण.”

चौकशी केल्यावर कळलं, की नियमांच्या २०१४च्या आवृत्तीत उंदरांची झुंड हा एकच प्राणी धरतात आणि त्याला २४ प्राण देतात. चिरंजीवांनी त्याला दहानं गुणून माणसं तयार केली होती. मांत्रिकानं आगीचा गोळा टाकला, तलवारबाजानं उरलेसुरले प्राण वजा केले आणि आतून चहा यायच्या आत मोर्चा आटोपला.

“त्यांची मागणी काय होती रे?” मी विचारलं.

पाचही जण एकमेकांकडं बघायला लागले. मागणी त्यांच्या कुणाच्या ध्यानातच आली नव्हती! कोल्हापुरात जन्मून ही अवस्था.

बरं, हा खेळ काही मूळचा आगीच्या गोळ्यांचा नव्हे. त्याचा मूळपुरुष प्रशियाचा. १८२४ साली फॉन राइसविट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं नकाशा, फासे आणि पंच घेऊन लढाईचा खेळ बसवला. तो शुद्ध फौजी कारभार होता. १९६९ साली अमेरिकेत डेव्हिड वेझली या गृहस्थानं एक नवी शक्कल काढली. ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावाबाहेर नेपोलियनच्या काळातल्या फौजा येऊन ठेपल्यात, एवढंच ठेवून त्यानं गावातल्या माणसांच्या भूमिका वाटल्या. एक नगराध्यक्ष, एक विद्यापीठाचा कुलगुरू आणि एक चक्क बँकवाला! दीडशे वर्षं नुसते सेनापती झाल्यावर कुणाला तरी आमची आठवण झाली, हे वाचून मी त्या दिवशी काउंटरवर ताठ बसलो.

पुढच्या एका डावात वेझलीनं दक्षिण अमेरिकेतलं एक डळमळीत प्रजासत्ताक उभं केलं. डेव्ह आर्नेसन नावाच्या खेळाडूकडं शांततावादी क्रांतिकारक विद्यार्थ्याची भूमिका आली. काम काय, तर पत्रकं वाटायची. वेझलीच सांगतो, की या पठ्ठ्यानं आपण अमेरिकेचे गुप्तहेर असल्याची थाप मारली, देशाचा खजिना आपल्याच हातात सुरक्षित राहील असं सगळ्यांना पटवलं आणि बाकीचे राजधानीत एकमेकांशी लढत असताना स्वतः हेलिकॉप्टरमधून पत्रकं उधळत निघून गेला. व्हाउचर नाही, पावती नाही, दुसऱ्या अधिकाऱ्याची सही नाही! पण फाशाच्या जिवावर नव्हे, नुसत्या बोलण्यावर त्यानं डाव मारला. हाच आर्नेसन १९७४ साली गॅरी गायगॅक्सबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा जनक झाला. म्हणजे आमच्या सोप्यातल्या खेळाचा आजा पत्रकं वाटणारा निघाला आणि नातवंडं मोर्चेकऱ्यांवर आगीचे गोळे टाकतायत!

अर्थात खेळातला खजिना वेगळा आणि खरा वेगळा. डिसेंबर १९४२मध्ये आमच्या गारगोटीच्या कचेरीवर स्वातंत्र्यसैनिक चालून गेले, तेव्हा सात जण तिथं पडले. त्यांचे प्राण वजा करायला कागद-पेन्सिल नव्हती.

म्हणून म्हणतो, गर्दीचे प्राण मोजण्याआधी तिची जात ओळखावी. कोल्हापूरच्या इतिहासात तिचे नमुने हवे तेवढे आहेत.

पहिला नमुना १९४२चाच. आज जो शिवाजी चौक आहे, तिथं तेव्हा मुंबईचे माजी गव्हर्नर विल्सन पुतळ्याच्या रूपानं उभे होते. जयाबाई हविरे आणि भागीरथीबाई तांबट या दोघींनी त्या पुतळ्यावर डांबर ओतलं. माणसं दोनच, पण मागणी अख्ख्या गावाला वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरांत!

दुसरा नमुना टोलचा. शहरातले रस्ते ठेक्यानं झाले आणि वेशीवर टोलनाके आले. ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे नेते पुढं असल्यावर मोर्चे शिस्तीत निघत. मागणी दोन शब्दांची होती, ‘टोल नाही’. जानेवारी २०१४मध्ये टोल बंद होणार असं मंत्र्यांनी सांगितलं, तरी वसुली चालूच राहिली आणि लोकांनी नाके पेटवले. गर्दी बदलली ती मोडलेल्या शब्दामुळं. डिसेंबर २०१५मध्ये सरकारनं टोल रद्द केल्याचं जाहीर केलं. हा डाव घालायचा तर फासा गर्दीचा नको, शब्द देणाऱ्याचा टाकायला हवा.

तिसरा नमुना सांगताना विनोद जरा बाजूला ठेवावा लागतो. १९४८ साली गांधीजींचा खून झाला आणि कोल्हापुरात जाळपोळ झाली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. विल्सनसाहेबाच्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा करण्यात ज्यांचा पुढाकार होता, तेच हे भालजी. आगीला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या गर्दीला मागणीच नव्हती, मग कुणी काय मान्य केलं असतं?

तेव्हा समस्त सूत्रधारांना माझी सूचना अशी. वाटेत गर्दी आली तर तिची मागणी वहीत लिहून ठेवा, तिला कुणी काय शब्द दिला होता ते लिहा आणि खेळाडूंना तोंड उघडायला लावा. मागणी आहे तोवर वाटाघाट आहे, शटर अर्धं उघडं आहे. मागणीचा रकाना कोरा असेल, तर मात्र मांत्रिक आणि तलवारबाज दोघांनाही गप्प बसवा. तिथं वीरानं करण्यासारखी गोष्ट एकच उरते. शेजाऱ्याला आपल्या घरात घ्यायचं, दाराला आतून कडी घालायची आणि सकाळपर्यंत ती काढायची नाही. त्याला वीस बाजूंचा फासा लागत नाही. दार मात्र आपलं स्वतःचं लागतं.