टर्बो इंजिनात मुरणारी उष्णता आणि इंटरकूलरची मर्यादा

मे महिन्यातील दुपारी वाहनांच्या रांगेत दहा-पंधरा मिनिटे अडकून पडल्यावर पुढे मोकळा रस्ता मिळतो, चालक ॲक्सिलरेटर दाबतो, पण टर्बो पेट्रोल मोटार काही काळ जडपणे चालते. एक-दोन किलोमीटर गेल्यावर तिचा मूळ जोम परत येतो. बहुतेक वेळा यात यंत्राचा बिघाड नसतो. इंजिनात जाणारी हवा प्रमाणापेक्षा अधिक तापलेली असते. अभियंते या अवस्थेला ‘हीट सोक’ म्हणतात. मराठीत उष्णता मुरणे हा शब्दप्रयोग तिला चपखल बसतो, कारण उष्णता येथे केवळ स्पर्श करून जात नाही, ती धातूच्या अंगात साठून राहते.

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा विषय शर्यतीच्या मोटारींपुरता होता. भारतात तो सर्वसामान्य कुटुंबाच्या मोटारीपर्यंत येण्यास करव्यवस्थेचा हातभार लागला. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत देण्यात आली. वस्तू व सेवा करातही हीच सीमारेषा कायम राहिली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा लहान मोटारींवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्यांवर ४० टक्के कर आहे. इंजिनाचे आकारमान वाढवता येत नसेल, तर त्याच आकारमानात अधिक हवा कोंबणे हा शक्ती वाढविण्याचा सरळ मार्ग ठरतो. टाटा नेक्सॉनचे ११९९ सीसीचे अथवा मारुती सुझुकी फ्राँक्सचे ९९८ सीसीचे टर्बो इंजिन ही त्याची परिचित उदाहरणे आहेत.

टर्बोचार्जरची कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे पाठवते. मात्र हवा दाबली की ती तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, तोच हा नियम. बाहेर ४० अंश सेल्सिअस तापमान असताना हवेचा दाब १.८ पट केला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १२२ अंशांची असते. तापलेली हवा विरळ असते. म्हणजे अधिक हवा भरण्यासाठी केलेल्या खटाटोपाचा काही भाग त्या खटाटोपातूनच निर्माण झालेली उष्णता गिळून टाकते.

टर्बो आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसवलेला इंटरकूलर यासाठीच असतो. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांमधून दाबलेली हवा जाते आणि नळ्यांभोवतीच्या पातळ पात्यांवरून बाहेरचा वारा वाहतो. पोर्श कंपनीने १९७५ साली बाजारात आणलेल्या ९११ टर्बोमध्ये तो नव्हता. १९७८ च्या ३.३ लिटर आवृत्तीत मागच्या मोठ्या स्पॉयलरखाली, इंजिनाच्या माथ्यावर, तो आला. चांगला इंटरकूलर वरील उदाहरणातील १२२ अंशांची हवा साधारण ६५ अंशांपर्यंत खाली आणतो आणि केवळ त्यामुळे तिची घनता सुमारे १७ टक्क्यांनी वाढते.

पण इंटरकूलर स्वतः थंडावा निर्माण करत नाही. तो एकीकडची उष्णता दुसरीकडे सोपवतो, आणि ती घेणारा वारा थांबला की तो केवळ धातूचा एक ठोकळा उरतो. सुमारे १०० किलोवॉट शक्ती देणाऱ्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरावर दर सेकंदाला साधारण ११० ग्रॅम हवा लागते. ती १२२ वरून ६५ अंशांवर आणायची, तर सहा किलोवॉटहून अधिक उष्णता बाहेर टाकावी लागते. घरातील दोन किलोवॉटच्या तीन गीझरांची ही क्षमता झाली. पाच किलो ॲल्युमिनियमच्या इंटरकूलरवर वाराच नसेल, तर या वेगाने त्याचे तापमान अर्ध्या मिनिटात सुमारे ४० अंशांनी वाढेल. म्हणूनच थंड इंटरकूलर एका झटपट ओव्हरटेकसाठी वाऱ्याविनाही पुरतो, लांब चढासाठी पुरत नाही.

वाहतूक कोंडीत इंजिन फारशी शक्ती देत नसते, तरीही इंटरकूलर तापतो. त्याच्या आसपास रेडिएटर असतो, वातानुकूलनाचा कंडेन्सर असतो आणि खाली तापलेले डांबर असते. गाडी उभी असताना पंख्याने मागे ढकललेली गरम हवा बंपरखालून वळून पुन्हा पुढे येते. हवामानखात्याच्या नोंदीतील ४२ अंश आणि उभ्या मोटारीच्या नाकाशी असलेले तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा स्थितीत सिलिंडरकडे जाणारी हवा ६५ ऐवजी ९० अंशांची झाली, तर तिची घनता सुमारे सात टक्क्यांनी घटते.

चालकाला जाणवणारी घट मात्र याहून मोठी असू शकते. पेट्रोल इंजिनात हवा फार तापलेली असेल, तर मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच स्वतःहून पेटतो. यालाच नॉकिंग म्हणतात आणि ते पिस्टनला घातक असते. हवेचे तापमान मोजणारा आणि नॉकिंगची कंपने टिपणारा असे दोन सेन्सर ही माहिती इंजिनाच्या संगणकाला देतात. संगणक ठिणगी उशिरा टाकतो, गरज पडल्यास टर्बोचा दाबही उतरवतो. ठिणगीला उशीर झाला की धूर अधिक गरम होतो, टर्बो आणखी तापतो. डिझेल इंजिनात अशा नॉकिंगचा प्रश्न नाही. तेथे विरळ हवेचा फटका शक्तीला आणि धुराच्या तापमानाला बसतो.

इंटरकूलर कोठे बसवला आहे, यावर बरेच अवलंबून असते. तो इंजिनाच्या माथ्यावर असला तर नळ्या आखूड राहतात आणि टर्बोचा प्रतिसाद चटकन मिळतो, पण गाडी थांबताच खालच्या इंजिनाची सारी धग त्याच्या अंगावर येते. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सच्या बॉनेटवरील प्रसिद्ध झरोका याच रचनेचा. भारतीय रस्त्यांवर ३ लिटर डिझेलच्या जुन्या टोयोटा फॉर्च्युनरच्या बॉनेटवरही तो दिसतो आणि शोभेचा नव्हे, कामाचा असतो. बंपरमागचा इंटरकूलर वाऱ्याच्या थेट वाटेत येतो, मात्र दगड आणि चिखलाच्याही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ९९९ सीसी इंजिनात तिसरा मार्ग आहे: इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच असून तो पाण्याने थंड होतो आणि हे पाणी वेगळ्या रेडिएटरमध्ये निवते. वजनास वजन धरल्यास पाणी ॲल्युमिनियमच्या चौपटीहून अधिक उष्णता सामावते, म्हणून ते उशिरा तापते. एकदा तापले की निवायलाही तितकाच वेळ घेते.

सर्वांत कठीण परीक्षा घाटात होते. बोरघाटात किंवा हिमाचलच्या चढणीवर भरलेल्या ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनावर भार अधिक, वेग कमी आणि वारा नगण्य असतो. ट्रकला मागे टाकण्यासाठी जोर हवा असतो, नेमका तेव्हाच तो अपुरा पडतो. समोरून येणाऱ्या वाहनाचे अंतर मोजताना ही उणीव गृहीत धरणे चालकाच्या हिताचे आहे. लडाखमध्ये हवा थंड असूनही सुटका नाही. विरळ हवेला तोच दाब देण्यासाठी टर्बोला अधिक पट दाबावे लागते, त्यामुळे ती अधिक तापते, आणि पात्यांवरून वाहणारा वाराही विरळच असतो.

माहितीपत्रकातील शक्तीचा आकडा वाचताना हे ध्यानात असावे. इंजिनाची शक्ती मोजण्याच्या आयएसओ १५८५ या आंतरराष्ट्रीय मानकात हवेचे संदर्भ तापमान २५ अंश सेल्सिअस आहे. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंशांची नोंद झाली होती.

हवा अधिक थंड करण्याचे नाना उपाय झाले आहेत. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारले जाई. टाकी भरायला मालक विसरत, हा तिचा मोठा दोष ठरला. बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएसमध्ये पाण्याचा फवारा पुन्हा आणला. २०१८ च्या डॉज चॅलेंजर डीमनने वातानुकूलनाचा थंडावाच इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवला. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल हाही एक अनपेक्षित साहाय्यक आहे: बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते आणि नॉकिंगला विरोध करते. अर्थात त्याचा पुरेपूर लाभ थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या आणि त्यासाठी जुळवलेल्या इंजिनालाच मिळतो.

दुकानांत मिळणारा मोठा इंटरकूलर हा सरसकट उपाय नव्हे. त्याच्या लांब नळ्यांत दाब घटतो, प्रतिसाद मंदावतो, आणि तो रेडिएटरपुढे उभा राहिला तर इंजिनच अधिक तापते. त्याआधी साध्या गोष्टी तपासून घेणे स्वस्त पडते. पात्यांत पावसाळ्याचा चिखल अथवा किडे अडकले आहेत का? नळीचा क्लिप सैल झाला आहे का? बंपरच्या किरकोळ दुरुस्तीनंतर वारा वळवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या परत बसवल्या गेल्या का? हे शेवटचे काम सर्वाधिक वेळा राहून जाते, कारण त्या पट्ट्यांविना गाडी बाहेरून अगदी व्यवस्थित दिसते. पाती धुताना पाण्याचा झोत हलका ठेवावा. जोरदार झोताने ती वाकतात.

घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवल्यास टर्बोमधील तेल आणि पाणी फिरत राहते आणि तापलेल्या बेअरिंगवर तेल जळून त्याचा थर बसत नाही. अनेक नव्या मोटारींत इंजिन बंद झाल्यावरही पंखा किंवा विजेवरचा पाण्याचा पंप काही मिनिटे चालू राहतो. तो आवाज बिघाडाचा नसतो, त्यासाठी बॅटरीची तार काढू नये.