वासोट्याची वाट पाण्याखाली गेली त्याची गोष्ट

तासगावातून बोलतोय. थंडी पडली की आपल्याकडच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्लॅन हमखास फिरतो: वासोटा. साताऱ्याहून कास पठारावरून बामणोली, तिथून बोटीने पलीकडचा काठ, मग दाट जंगलातून चढ. सुमारे 1170 मीटर उंचीचा हा किल्ला म्हणजेच व्याघ्रगड. त्याचा इतिहास म्हटलं की कैदखाना आणि 1818 सालचे इंग्रज, एवढंच सांगितलं जातं. मला बोलायचंय ते वाटेतल्या पाण्याबद्दल.

हा तलाव निसर्गाने केलेला नाही. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला कोयना अडवली गेली आणि शिवसागर जलाशय मागे थेट तापोळ्यापर्यंत पसरला. आजची साठवण 105 टीएमसीच्या वर आहे. आपली बोट जिथून जाते, त्याच्या खाली भाताची खाचरं होती, घरं होती, या गावातून त्या गावात जाणाऱ्या पायवाटा होत्या. त्या वाटा बुडाल्या, म्हणून तर आज बोट लागते!

आता तारखा बघा. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला 1976 साली. कोयनेची माणसं त्याच्या कितीतरी आधी उठली होती. कुणी ठाणे-रायगडकडे गेलं, कुणी सोलापूर-सांगलीकडे. हक्काच्या जमिनीसाठी त्यांची पुढची पिढी 2018 मध्येसुद्धा कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती. मधल्या काळात, 1985 साली कोयना अभयारण्य झालं, 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जंगल वाचलं, हे चांगलंच झालं. पण काठावर उरलेल्या काही वस्त्याही हलल्या. वासोट्याच्या पायथ्याची मेट इंदवली त्यातलीच.

आणि यात आपला संबंध काय? कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं, ताकारीला उपसलं जातं आणि कालव्याने तासगाव तालुक्यातल्या शिवारापर्यंत पोचतं. आपली द्राक्षं, आपला बेदाणा त्यावर उभा आहे. म्हणजे त्यांचं गाव गेलं, तेव्हा आपलं रान भिजलं.

म्हणून यंदा वासोट्याला जाल तेव्हा रील जरूर काढा. पण बोटवाल्या काकांना एवढं विचारा, "काका, तुमचं जुनं गाव कुठं होतं?" ते पाण्याकडे हात करून दाखवतील. मग पुढचं त्यांच्याकडूनच ऐका.